दोष किती दूर? डिस्टन्स रिलेची कुळकथा

वीजजाळं लहान होतं तोवर प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की ब्रेकर उघडायचा, एवढं पुरत होतं. एकापुढे एक उपकेंद्रं उभी राहिली आणि पंचाईत झाली. टोकाचा रिले, म्हणजे ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारं उपकरण, आधी चालावा म्हणून मागच्या प्रत्येकाला थोडा थोडा जास्त वेळ द्यावा लागे. परिणामी वीजकेंद्राजवळचा रिले सर्वांत संथ, आणि फॉल्टचा, म्हणजे दोषाचा, प्रवाह तर तिथेच सर्वांत मोठा.

1904 मध्ये इंग्लंडात चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहायची युक्ती काढली. आत गेलेला प्रवाह पलीकडे निघाला नाही, तर दोष मधेच. पण त्यासाठी लाइनसोबत वेगळी तार न्यावी लागे. लांब पल्ल्याला ते परवडेना.

1923 मध्ये वेस्टिंगहाउसच्या एल. एन. क्रायटन यांनी मांडलेला डिस्टन्स रिले एका टोकावरूनच काम करतो. तारेचा दर किलोमीटरचा अवरोध ठरलेला असतो. फॉल्ट झाला की विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो, प्रवाह उसळतो; दाबाला प्रवाहाने भागलं की दोष किती दूर ते कळतं. लाइनचा पहिला सुमारे 80 टक्के भाग झोन-1, तिथे ताबडतोब ट्रिप. पुढे झोन-2, थोडं थांबून. झोन-3 शेजारच्या लाइनपर्यंत पोचतो, तिथला रिले चुकलाच तर राखीव म्हणून.

या झोन-3 मध्येच खरी मेख आहे. लाइनवर भार फार वाढला आणि दाब खाली आला, की दाब आणि प्रवाहाचा भागाकार दूरच्या फॉल्टसारखाच दिसतो. 9 नोव्हेंबर 1965 रोजी कॅनडात नायगाऱ्याजवळ अशाच राखीव रिलेने, फॉल्ट नसताना, वाढत्या भारावर लाइन तोडली आणि सुमारे 3 कोटी लोक अंधारात गेले.

पुढचा अध्याय आपल्याला जवळचा आहे. ग्वाल्हेरात जन्मलेले अरुण फडके 1970 च्या दशकात अमेरिकेत संगणकावर चालणारा रिले घडवत होते. तेव्हाचे संगणक संथ; प्रत्येक प्रकारच्या फॉल्टचं वेगळं गणित त्यांना झेपेना. फडक्यांनी तिन्ही फेजांच्या मापांतून सममित घटक काढून सगळ्यांसाठी एकच समीकरण बसवलं. त्यातून हाती आलेलं अचूक माप उपग्रहाच्या घड्याळाला जोडून 1988 च्या सुमारास व्हर्जिनिया टेकमध्ये पीएमयू (फेजर मेजरमेंट युनिट) तयार झालं. शेकडो कोसांवरच्या दोन उपकेंद्रांची स्थिती एकाच क्षणी पाहता येऊ लागली. रिलेच्या शंभर वर्षांत मला ही सर्वांत मोठी झेप वाटते.

तरीही 30 जुलै 2012 च्या पहाटे 400 केव्ही बीना-ग्वाल्हेर लाइन झोन-3 वरच ट्रिप झाली. फॉल्ट नव्हता, भार होता. उत्तर भारत अंधारला. दुसऱ्या दिवशी तीच लाइन तशीच सुटली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची वीज गेली. चौकशी समितीने झोन-3 च्या सेटिंगचा फेरविचार करायला सांगितलं. तो अहवाल उपलब्ध आहे. डिप्लोमाच्या वर्गात झोन-3 शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो मुलांकडून एकदा वाचून घ्यावा, ही कळकळीची विनंती.