कंपाला येथील परिषद आणि स्वभाषेचा प्रश्न

अलीकडे आमच्या विश्वविद्यालयांतून 'वसाहतोत्तर साहित्यविचार' ह्या नांवाचा एक विषय शिकविला जातो. त्याचा आरंभ बहुधा एडवर्ड सैद ह्यांच्या १९७८ सालच्या 'ओरिएंटॅलिझम' ह्या ग्रंथापासून होतो. मग गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक येतात, मुंबईंत जन्मलेले होमी भाभा येतात, आणि परिभाषेचें असें कांहीं रान माजतें कीं, विद्यार्थी बिचारा परीक्षेपुरतीं चार सूत्रें पाठ करून त्यांतून निसटतो. ह्या विद्वानांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. पाश्चात्त्यांनीं पौर्वात्यांचें जें चित्र रंगविलें तें केवळ अज्ञानाचें फळ नसून सत्तेचें एक साधन होतें, हें सैद ह्यांनीं दाखविलें. तें मोलाचेंच आहे. तथापि ह्या विचाराचें मर्म ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें अमेरिकेंतील व्याख्यानगृहांच्या आधीं पूर्व आफ्रिकेंतील एका भांडणाकडे पाहावें असें आम्हांस वाटतें. तें भांडण लेखकालेखकांतलें होतें, आणि त्याचा विषय मराठी माणसाच्या घरांतलाच आहे.

१९६२ च्या जून महिन्यांत युगांडांतील कंपाला शहरीं, मकेरेरे महाविद्यालयांत, आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली. युगांडास स्वातंत्र्य मिळावयास अद्याप चार महिने अवकाश होता. नायजेरियाचे चिनुआ अचेबे व वोले सोयिंका, दक्षिण आफ्रिकेचे एझेकिएल म्फालेले अशी मातबर मंडळी तेथें जमली होती. त्याच महाविद्यालयांतला चोवीस वर्षांचा एक केनियन विद्यार्थीही सभासदांत होता. त्याच्या नांवावर दोनचार लघुकथा होत्या आणि काखेंत एका कादंबरीचें हस्तलिखित होतें. तें त्यानें अचेबे ह्यांस वाचावयास दिलें. हाच पुढें न्गूगी वा थिओंगो ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. परिषदेच्या नांवांतच 'इंग्रजींत लिहिणारे' अशी अट होती. त्यामुळें ह्या पोरसवद्या विद्यार्थ्यास आसन मिळालें, आणि स्वाहिलीचे थोर कवि शाबान रॉबर्ट, जे त्या वेळीं हयात होते, ते मात्र निमंत्रणास पात्र ठरले नाहींत. (परिषदेस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या संस्थेला अमेरिकन सरकारच्या गुप्तहेर खात्याकडून पैसा मिळत असे, हें पुढें १९६७ च्या सुमारास उघडकीस आलें. एवढ्यावरून तेथील प्रत्येक कवीला हेर ठरविणें अन्यायाचें होईल. पण यजमान कोण होता हें पाहुण्यांस ठाऊक नव्हतें, ही गोष्ट विसरण्याजोगीही नाहीं.)

दुसऱ्याच वर्षीं ओबी वाली नामक नायजेरियन टीकाकारानें कंपाल्याच्याच 'ट्रान्झिशन' मासिकांत ठिणगी टाकली. त्याचें म्हणणें असें कीं, परक्या भाषेंत आफ्रिकेचें वाङ्मय निर्माण करूं पाहणें म्हणजे पुढें वाट नसलेल्या बोळांत शिरणें होय. अचेबे ह्यांनीं १९६४ सालीं घाना येथील व्याख्यानांत उलट बाजू मांडली. इंग्रजी आपल्या पदरांत पडलीच आहे, तर आपण ती वापरूं. मात्र आपल्या अनुभवाचा भार वाहण्यासाठीं तिला वाकवूं, बदलूं. हें बोलण्याचा त्यांस अधिकार होता. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरींत इग्बो म्हणींचा जो रस इंग्रजी वाक्यांत उतरला आहे तो कोणीही नाकारणार नाहीं. शिवाय ज्या देशांत शेंकडों भाषा, तेथें एकमेकांशीं बोलावयाचें कसें, ही अडचण खरी होती. आम्हां भारतीयांस ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

न्गूगी ह्यांस हें समाधान पुरेना. त्याचें कारण त्यांच्या बालपणांत आहे. केनियांत १९५२ सालीं आणीबाणी पुकारली गेली, आणि शाळा सरकारच्या ताब्यांत जाऊन इंग्रजी सक्तीची झाली. शाळेच्या आवारांत जो मुलगा गिकुयू बोलतांना सांपडे त्यास छड्या बसत, किंवा मूर्ख अथवा गाढव असल्याची कबुली लिहिलेला पत्रा त्याच्या गळ्यांत अडकविला जाई. अपराधी हुडकण्याची युक्ति तर अजबच होती. सकाळीं एका मुलाच्या हातीं एक बटण दिलें जाई. आईच्या भाषेंत बोलणारा जो भेटेल त्याच्या हातीं त्यानें तें द्यावयाचें, त्यानें पुढच्याला. संध्याकाळीं ज्याच्या हातीं बटण निघे त्यानें तें आपणांस कोणी दिलें तें सांगावयाचें, आणि अशा रीतीनें दिवसभरांतले सगळे गुन्हेगार एका माळेंत ओंवले जात. शिक्षकास जागचें हलावेंही लागत नसे. परसत्ता मनांत कशी शिरते, ह्याविषयीं मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. परंतु ह्या एका बटणानें जेवढें कळतें तेवढें त्यांतल्या पुष्कळांनीं कळत नाहीं.

१९६८ च्या ऑक्टोबरांत न्गूगी, ओवुओर अन्युंबा आणि तबान लो लियोंग ह्या तिघां अध्यापकांनीं नैरोबी येथील विद्यापीठापुढें एक टिपण ठेवलें. इंग्रजी विभाग बंद करावा, ही त्यांतली सूचना. शेक्सपिअर जाळावा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. मध्यभागीं कोण बसणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आधीं आपलें मौखिक वाङ्मय, आपल्या भाषा, आपले शेजारी. मग तेथून जगाकडे पाहूं, असा क्रम त्यांनीं सुचविला, आणि पुढें तो बऱ्याच अंशीं अमलांत आला. आमच्याकडे मध्यभागीं कोण बसलें होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें गौरी विश्वनाथन ह्यांचा १८८९ नव्हे, १९८९ चा ग्रंथ पाहावा. इंग्रजी वाङ्मय हा शिकविण्याचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधीं हिंदुस्थानांतच रुजला, असें त्यांनीं त्यांत दाखविलें आहे.

येथें मराठी वाचकाच्या मनांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें नांव येईल. १८७४ सालीं 'निबंधमाला' काढून स्वभाषेचा कैवार त्यांनीं घेतला तो कोणत्याही आफ्रिकी लेखकाइतकाच त्वेषाचा होता. परंतु त्याच मालेंत त्यांनीं जोतीराव फुल्यांच्या मराठीची व व्याकरणाची यथेच्छ टवाळीही केली. उलट सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहांत इंग्रजीस माउली मानलें. ज्यांना देवभाषेचें दार बंद, आणि स्वभाषेंतही ज्यांच्या उच्चारांस हंसण्यांत येई, त्यांना परभाषा ही बेडी न वाटतां किल्ली वाटली, ह्यांत नवल तें काय? आमच्या मतें वसाहतोत्तर विचाराची खरी कसोटी ह्याच जागीं लागते. परकी भाषा दूर सारली म्हणजे स्वभाषा सर्वांची होते असें नाहीं. तिच्यांत कोणाचें तोंड प्रमाण मानावयाचें, हा प्रश्न मागें उरतोच.

न्गूगी ह्यांची थोरवी आम्हांस वाटते ती ह्यामुळें, कीं हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. १९७७ सालीं कामिरीथू ह्या आपल्या गांवीं त्यांनीं न्गूगी वा मिरी ह्यांच्या जोडीनें गिकुयू भाषेंत एक नाटक लिहिलें. गांवच्या शेतकऱ्यांनीं व मजुरांनीं उघड्यावर रंगमंच उभारला, त्यांनींच भूमिका केल्या, आणि तालमींत बसून त्यांनीं प्राध्यापकांची भाषाही सुधारली: म्हातारा माणूस असें बोलत नाहीं, असें ते सरळ सांगत. ऑक्टोबरांत प्रयोग सुरू झाले; नोव्हेंबरांत सरकारनें परवाना काढून घेतला; वर्षाच्या अखेरच्या दिवशीं न्गूगी पकडले गेले. हें सरकार इंग्रजांचें नव्हतें, स्वतंत्र केनियाचें होतें. त्याच सालीं निघालेल्या 'पेटल्स ऑफ ब्लड' ह्या त्यांच्या इंग्रजी कादंबरींत राज्यकर्त्यांवर कांहीं कमी कोरडे ओढलेले नव्हते. पण ती वाचणार कोण, हें सरकारास ठाऊक होतें.

कामिटीच्या तुरुंगांत खटल्यावांचून सुमारें वर्षभर ठेवलेल्या ह्या लेखकानें शौचाच्या कागदावर गिकुयूंत कादंबरी लिहिली. तो कागद कैद्यांना त्रास व्हावा इतका खरबरीत असे, आणि म्हणूनच त्यावर शाई चांगली धरे. १९८६ सालीं 'डीकॉलोनायझिंग द माइंड' ह्या पुस्तकांत त्यांनीं इंग्रजी लेखनाचा निरोप घेतला. तो निरोप इंग्रजींतच घ्यावा लागला, आणि पुढें परदेशीं आयुष्य काढतांना निबंध व आठवणी त्यांनीं पुन्हा इंग्रजींत लिहिल्या. ह्यावरून त्यांच्या विरोधकांनीं त्यांस पुष्कळ डिवचलें. २८ मे २०२५ रोजीं अमेरिकेंत त्यांचा अंत झाला.

तुरुंगांतली ती कादंबरी १९८० सालीं छापून निघाली, तेव्हां तिचें जें झालें तें न्गूगी ह्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. घरोघर एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें, अशी आपल्याकडील पोथीसारखी तिचीं पारायणें होऊं लागलीं. मद्यगृहांतही एखादा साक्षर गृहस्थ ती मोठ्यानें वाची. कथा ऐन रंगांत आली कीं तो पुस्तक खालीं ठेवून रिकाम्या पेल्याकडे पाही. मग श्रोत्यांतून कोणीतरी ओरडे, ह्यांना आणखी एक बाटली द्या, आणि पेला भरला कीं वाचन पुढें चालू होई.