वर्धा जिल्ह्यातील घरगुती गारवा : पाण्याचे मान व प्रवाह यांचा इतिहास

प्रस्तावना

एप्रिल व मे महिन्यांत वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. नवतपाच्या दिवसांत तर दुपारी घराबाहेर पडणे कठीण होते. अशा प्रदेशात घर थंड ठेवण्याची साधने कशी बदलत गेली, हा स्थानिक इतिहासाचा महत्त्वाचा विषय ठरतो. तथापि तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना यंत्राचा शोध कोणी लावला यावरच बहुधा भर दिला जातो. त्या यंत्राला पाणी किती लागले, ते कसे वाहिले आणि त्यावर लक्ष कोणी ठेवले, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे जिल्ह्यातील घरगुती गारव्याच्या परंपरेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

घरातील उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी दोन प्रकारे करते. थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवणाऱ्या हीट पंपात तेच पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते. १ लिटर पाणी ५ अंशांनी निवले तर सुमारे २१ किलोज्यूल उष्णता खोलीला मिळते. म्हणूनच तेथे दोन तपासण्या आवश्यक मानल्या जातात. पाण्याचा साठा अपुरा असल्यास यंत्र वारंवार सुरू-बंद होते. प्रवाह मंद असल्यास उष्णता पुरेशी वाहून नेली जात नाही. वर्ध्यासारख्या कोरड्या उष्ण प्रदेशात मात्र दुसरा प्रकार रूढ झाला, तो म्हणजे बाष्पीभवन. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे वरील उदाहरणाच्या शंभरपटीहून अधिक. परंतु हे पाणी परत येत नाही. बाष्पीभवनाचे सामर्थ्य आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी या एका भेदात सामावल्या आहेत.

वाळ्याच्या ताटीचा काळ

वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत भरून त्यांवर पाणी शिंपडण्याच्या पद्धतीचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आढळतो. १८३० च्या दशकात ओल्या ताट्यांतून हवा खेचणारी, हाताने फिरवायच्या पंख्याची 'थर्मँटिडोट' नावाची पेटी उत्तर भारतातील इंग्रजांच्या बंगल्यांत दिसू लागली. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा अस्तित्वात आला व १८६६ मध्ये पालकवाडी येथे जिल्ह्याचे ठाणे वसविण्यात आले, तेव्हा ताटी व पंखा ही साहेबी बंगल्यांची परिचित साधने होती. येथे पाण्याचा प्रवाह म्हणजे माणसाचे श्रम होते. भिस्ती पखालीतून पाणी आणी आणि नोकर ते ताटीवर शिंपडी. ताटी वाळली की खोलीत उष्ण वारा शिरे. हीच प्रवाहाची तपासणी होती. सामान्य कुटुंबाला हा थाट परवडणारा नव्हता. त्याच्या वाट्याला मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, पाण्याचा माठ आणि शिंपडलेले अंगण एवढेच होते.

सेवाग्रामचा पर्याय

महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील आदिनिवास व बापूकुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड व कवेलू यांसारख्या साहित्यातून उभ्या राहिल्या. जाड मातीच्या भिंती आणि ओसरीची सावली यांमुळे उष्णता मुळातच आत कमी येते. जी उष्णता आत आली नाही, ती बाहेर काढण्यासाठी पाणी खर्च करावे लागत नाही. गांधीजींच्या निसर्गोपचारात ओल्या मातीच्या पट्टीला स्थान होते. तिच्यातही बाष्पीभवनाचेच तत्त्व होते. मात्र संपूर्ण खोलीऐवजी केवळ शरीर निवविले जात असल्याने पाणी अत्यल्प लागे.

कूलरचा प्रसार

अमेरिकेच्या ॲरिझोना भागात १९२० व १९३० च्या दशकांत विजेवर चालणारा बाष्पीभवन कूलर विकसित झाला. स्वातंत्र्योत्तर काळात वीज घरोघरी पोहोचल्यावर विदर्भातील शहरांत व पुढे खेड्यांत त्याचा प्रसार झाला. पत्र्याचा सांगाडा, तीन बाजूंना वूडवूलच्या ताट्या, तळाशी टाकी व लहान पंप असे त्याचे रूप होते. 'ताटी' हा जुना शब्द येथेही टिकला, ही बाब लक्षणीय आहे. पखालीची जागा पंपाने घेतली. परंतु टाकी भरण्याचे काम घरातील माणसांकडेच, बहुतांशी स्त्रियांकडे आले.

मोजमापाचा प्रश्न

कूलरमध्ये साठा व प्रवाह यांची तपासणी साध्या साधनांनी होऊ शकते. पंपाच्या नळीखाली ५ लिटरचे भांडे धरावे. ते १ मिनिटात भरल्यास प्रवाह ताशी ३०० लिटर होय. यातील बहुतेक पाणी टाकीत परत येते. प्रत्यक्ष खर्च पाहण्यासाठी टाकीतील पातळीवर खूण करावी. तळ ६० सेंटिमीटर लांब-रुंद असल्यास पातळीतील १ सेंटिमीटर घट म्हणजे ३.६ लिटर पाणी. हवा ४५ अंशांची व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना चांगली ताटी ती सुमारे २८ अंशांपर्यंत आणू शकते. ताशी २,००० घनमीटर हवा खेचणाऱ्या कूलरमध्ये त्यासाठी तासाला साधारण १५ लिटर पाणी उडून जाते. पातळी तासाला सुमारे ४ सेंटिमीटर उतरते.

खर्च अपेक्षेहून फार कमी आढळला, तर ते काटकसरीचे लक्षण समजू नये. क्षारांमुळे वरच्या पन्हाळीची छिद्रे बुजलेली असतात, ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि त्यांतून गरम हवा तशीच आत येते. पाऊस सुरू झाल्यावर मात्र हवा दमट झाल्याने खर्च व गारवा दोन्ही स्वाभाविकपणेच घटतात.

आठ तासांत हा कूलर १२० लिटर पाणी घेतो. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर, तर जल जीवन मिशननुसार ग्रामीण भागासाठी ५५ लिटर हे पुरवठ्याचे प्रमाण मानले जाते. याचा अर्थ खेड्यातील एक कूलर दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी घेतो, आणि तेही विहिरींनी तळ गाठलेला असताना.

निष्कर्ष

ताटीपासून कूलरपर्यंतच्या वाटचालीत बाष्पीभवनाचे तत्त्व बदलले नाही. पाणी वाहणारे हात बदलले. भिस्ती पाणी आणीत असे तेव्हा प्रत्येक पखाल डोळ्यांना दिसे. पंप आल्यावर पाण्याचा खर्च दृष्टीआड झाला. उष्णतेच्या लाटेत कूलर ही वृद्ध, बालके व आजारी यांच्यासाठी चैन राहत नाही, हे मान्य करावेच लागते. म्हणूनच कूलर नाकारणे हा उपाय नव्हे. सेवाग्रामच्या वास्तूंप्रमाणे उष्णता आधी बाहेरच अडवावी आणि उरलेल्या गारव्यासाठी लागणारे पाणी मोजून वापरावे, हाच या इतिहासाचा बोध आहे. टाकीवरची एक खूण हे त्याचे पहिले साधन ठरू शकते.