टेबलांची यादी ठेवणारं टेबल

बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत नव्या माणसाच्या हाती पुष्कळदा जुना डेटाबेस येतो. तो बांधणारे नोकरी सोडून गेलेले असतात, कागदपत्रं नसतात. तरी फ्रेमवर्कमध्ये चार ओळींचा लूप लिहिला, की प्रत्येक टेबलाचं नाव, त्यातले कॉलम आणि त्यांचे प्रकार पडद्यावर उतरतात. नावच ठाऊक नसलेल्या टेबलापर्यंत प्रोग्रॅम पोचतो, कारण डेटाबेस स्वतःबद्दलची माहितीही टेबलांतच ठेवतो.

ही सोय कुणीतरी हट्टानं करून घेतलेली आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या ई. एफ. कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांच्या रूपात मांडणाऱ्या रिलेशनल पद्धतीचा शोधनिबंध लिहिला. त्याआधी माहितीपर्यंत कोणत्या वाटेनं जायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच माहीत असावं लागे. त्याच प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘सिस्टीम आर’मध्ये टेबलांची नोंदवहीसुद्धा टेबलांतच ठेवली गेली. पुढे बाजारात जो तो आपला डेटाबेस रिलेशनल म्हणून विकू लागला, तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये आपले नियम छापले. चौथा नियम असा, की इतर माहितीला ज्या भाषेत प्रश्न विचारता, त्याच भाषेत या नोंदवहीलाही विचारता आले पाहिजेत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. परक्या माणसालाही आतलं समजून घेता आलं पाहिजे, हा आग्रह त्यात आहे.

डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्या १९९२च्या प्रमाणात या नोंदवहीचं ठरावीक रूप म्हणून ‘इन्फर्मेशन स्कीमा’ आली. पुढे रेल्स आणि जँगो या फ्रेमवर्कांनीही डेटाबेसची हीच नोंदवही वाचली. रेल्स टेबलाचे कॉलम स्वतःच वाचून घेतं. जँगोची ‘इन्स्पेक्टडीबी’ ही आज्ञा तर जुन्या टेबलांवरून मॉडेलचा कोडच लिहून देते.

तन्मय गोपाल आणि राजोशी घोष यांच्या हसुरा कंपनीनं, जिचं काम बंगळुरूतही चाले, २०१८ मध्ये आपलं ग्राफक्यूएल इंजिन सर्वांसाठी खुलं केलं. ते पोस्टग्रेस या डेटाबेसची नोंदवही वाचतं, फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारे कॉलम, पाहून कोणतं टेबल कोणाशी जोडलेलं आहे ते सुचवतं आणि त्यावरून एपीआय तयार करतं. पण सापडलेलं प्रत्येक टेबल ते परस्पर बाहेर उघडं करत नाही. आधी माणसानं ते ‘ट्रॅक’ करायचं, म्हणजे एपीआयमध्ये घ्यायला सांगायचं असतं. कारण नोंदवही वाचणाऱ्या लूपच्या लेखी पगाराचा कॉलम आणि पिनकोडचा कॉलम सारखेच. त्यातला कोणता कुणाला दिसावा, हे ज्याच्या त्याच्या कामानुसार माणसालाच ठरवून लिहावं लागतं.