नाममुद्रा आणि व्यापारमुद्रा : लेखकनामाच्या बाजारपेठेचा इतिहास

रोलाँ बार्त यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध फ्रेंचमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६९ मध्ये, मिशेल फूको यांनी पॅरिसमधील एका व्याख्यानात ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न उपस्थित केला. लेखकाचे नाव हे इतर विशेषनामांप्रमाणे केवळ व्यक्तिनिर्देशक नसते. ते काही संहितांना एकत्र बांधते, इतरांपासून वेगळे काढते आणि त्यांना विशिष्ट दर्जा देते, हे फूको यांचे प्रतिपादन समीक्षाव्यवहारात आता रुळले आहे. मात्र त्याची चर्चा बहुधा ज्ञान आणि सत्ता यांच्या परस्परसंबंधांच्या अंगाने झाली. हे ‘लेखककार्य’ जेथे अगदी उघडेवाघडे दिसते, त्या पुस्तकबाजाराकडे समीक्षेने काहीशा सोवळेपणानेच पाहिले. वस्तुतः समीक्षेने लेखकाला मृत ठरवण्याच्या पुष्कळ आधी प्रकाशकांनी त्याला अनावश्यक ठरवले होते. त्यांनी जपून ठेवले ते फक्त नाव.

पुस्तकाच्या जाहिरातीचा अतिरेक ही तशी जुनी तक्रार आहे. जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदकाराने १९०७ साली आपल्याच पुस्तकाच्या वेष्टनावर ‘मिस बेलिंडा ब्लर्ब’ नावाची, गळा काढून पुस्तकाची स्तुती करणारी एक काल्पनिक तरुणी छापली. ती प्रकाशकांच्या स्तुतिपाठाची टवाळी होती. पण पुढे तिचेच आडनाव त्या स्तुतिपाठाचे अधिकृत नाव होऊन बसले. उपहास पचवून त्याचेच भांडवल करण्याची बाजाराची ही क्षमता समीक्षकांनी नेहमी कमी लेखली आहे. तथापि स्तुतिपाठ हा अखेर पुस्तकाबाहेरचा मजकूर असतो. वाचकाला तो वगळता येतो. लेखकनामाचे तसे नाही. ते संहितेच्या उंबरठ्यावर उभे असते आणि वाचनाची दिशा ठरवते.

या नावाला देहापासून पूर्णतः सोडवण्याचे श्रेय एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्याकडे जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी अमेरिकेत मुलांच्या कथामालांचा जो कारखाना उभारला, त्यात कथानकाचा आराखडा मालकाचा, लेखन मोलाने लावलेल्या लेखकाचे आणि मुखपृष्ठावरचे नाव कोणाचेच नाही, अशी श्रमविभागणी होती. १९२७ पासूनचे ‘हार्डी बॉइज’चे ‘फ्रँकलिन डिक्सन’ आणि १९३० पासूनच्या ‘नॅन्सी ड्रू’च्या ‘कॅरोलिन कीन’ ही या कारखान्याची सर्वांत टिकाऊ अपत्ये. नॅन्सी ड्रूची पहिली तीन पुस्तके आणि पहिल्या तिशीतील एकंदर तेवीस पुस्तके मिल्ड्रेड बेन्सन यांनी लिहिली. त्यांना आरंभी प्रत्येक पुस्तकामागे १२५ डॉलर ठोक मिळत. मंदीच्या काळात हा मोबदलाही खाली आला. करारान्वये त्यांनी सर्व हक्कांवर पाणी सोडले होते आणि आपण ‘कीन’ असल्याची वाच्यता न करण्याचेही मान्य केले होते.

येथे कोणाला मराठी संतकवितेची आठवण होईल. तुकारामांची नाममुद्रा घेऊन आलेले प्रक्षिप्त अभंग, नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ, हे आपल्या संशोधकांचे नित्याचे प्रश्न आहेत. पण साम्य वरवरचे आहे. दुसऱ्याची मुद्रा घेणारा तो अनामिक रचनाकार आपले ‘मी’पण एका परंपरेत विसर्जित करीत होता, त्याने ते कोणाला विकले नव्हते. बेन्सन यांचे नाव विसर्जित झाले नाही, ते कराराच्या कलमाने पुसले गेले. नावच पुरेसे असल्यामुळे संहितेचेही मोल राहिले नाही: १९५९ पासून जुनी पुस्तके कापूनछाटून, काही तर जवळजवळ नव्याने लिहून, त्याच शीर्षकांखाली आणि त्याच ‘कीन’च्या नावावर विकली गेली. १९८० साली प्रकाशनहक्कांवरून दोन प्रकाशनसंस्थांमध्ये खटला उभा राहिला, तेव्हा बेन्सन साक्षीदार म्हणून न्यायालयात आल्या आणि त्यांचे लेखकत्व सार्वजनिक नोंदीत आले. स्ट्रेटमायर यांच्या कन्या हॅरिएट अॅडम्स तोवर ‘कॅरोलिन कीन’ म्हणून मिरवत होत्या. बेन्सन समोर दिसताच, त्या हयात नसल्याचा आपला समज होता, असे त्यांनी बोलून दाखवल्याचे सांगतात. बार्त यांच्या सिद्धान्ताचे इतके शब्दशः भाष्य दुसरीकडे सापडणे कठीण.

हे सारे बालवाङ्मयापुरते आहे, गंभीर साहित्याला त्याची बाधा नाही, असा आक्षेप घेता येईल. त्याला उत्तर डोरिस लेसिंग यांनी दिले. १९५० च्या ‘द ग्रास इज सिंगिंग’पासून कीर्ती मिळवलेल्या या लेखिकेने १९८३ मध्ये ‘जेन सॉमर्स’ या नावाने ‘द डायरी ऑफ अ गुड नेबर’ ही कादंबरी सादर केली. त्यांची नेहमीची प्रकाशनसंस्था जोनाथन केप हिने ती नाकारली. मायकेल जोसेफ या संस्थेने स्वीकारली. तेथे कोणाला तरी हस्तलिखितातून तरुण लेसिंगची आठवणही झाली. पुस्तकाची परीक्षणे थोडी आली, विक्री बेताचीच झाली. १९८४ मध्ये रहस्य उघड होताच तीच संहिता, दुसऱ्या सॉमर्स कादंबरीसह, लेसिंग यांच्या नावाने पुन्हा बाजारात आली. शब्द तेच, वाचक मात्र निराळे. प्रकाशकाला यात दोष देणे सोपे आहे. परंतु त्या पहिल्या आवृत्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांत समीक्षकही होते, आणि मूल्यनिर्णय हेच ज्यांचे काम, त्यांनी नावाच्या हमीवाचून तो करण्याचे टाळले, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

नावाचे नेमके मोल किती, हा प्रश्न शेवटी समीक्षेपुढे नव्हे, तर अमेरिकेच्या महसूल खात्यापुढे आला. ‘फ्लॉवर्स इन द अॅटिक’ (१९७९) या कादंबरीने अफाट खपाचा विक्रम करणाऱ्या व्ही. सी. अँड्र्यूज डिसेंबर १९८६ मध्ये वारल्या. प्रकाशकाने आणि कुटुंबीयांनी अँड्र्यू नायडरमन या लेखकाकडून त्यांच्याच नावाने कादंबऱ्या लिहवून घेण्याचे ठरवले. मृत्युकराच्या विवरणात – आपल्याकडे १९८५ साली रद्द झालेली इस्टेट ड्यूटी त्याच जातीची – या नावाचा उल्लेख नव्हता. महसूल खात्याने हरकत घेतली: मृत लेखिकेचे नाव ही मालमत्ता आहे आणि तिची किंमत बारा लाख डॉलरांहून अधिक आहे. व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने १९९४ मध्ये ती ७,०३,५०० डॉलर ठरवली. रक्कम खाली आली, कारण परक्या हाताने लिहिलेले पुस्तक फसण्याची, म्हणजेच वाचक ते नाकारण्याची, जोखीम न्यायालयाने हिशेबात धरली. वाचकाच्या विवेकाचा या सगळ्या व्यवहारात जो एकमेव उल्लेख सापडतो, तो असा वजावटीच्या रकान्यात.

जोखीम खरी ठरली नाही. अँड्र्यूज यांच्या हयातीत त्यांच्या सात कादंबऱ्या निघाल्या होत्या. मृत्यूनंतर निघालेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. त्या पुस्तकांच्या आरंभीच्या पानावर, जेथे एरवी स्वामित्वहक्काची ओळ असते, तेथे लेखिकेचे नाव हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्याचे बारीक टंकात छापलेले असते.