देवगिरीच्या नाड्या

दौलताबादचा, म्हणजे जुन्या देवगिरीचा, किल्ला पाहणाऱ्याला खंदक दाखवतात, तोफा दाखवतात, अंधारी दाखवतात. पोटातला गर्भ कसा घडतो याचे वर्णन तेराव्या शतकात इथल्या दरबारात लिहिले गेले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते लिहिणारा शार्ङ्गदेव काश्मिरातून आलेल्या घराण्यातला, वैद्यक जाणणारा आणि सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) पदरी हिशेबखाते सांभाळणारा. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त श्रुति-स्वरांच्याही आधी ‘पिंडोत्पत्ति’ प्रकरण येते: पहिल्या महिन्यातले कलल, मग अवयव, शिरा, धमन्या, चक्रे. गाण्याच्या ग्रंथात हे कशाला, म्हणून कुणी ते ओलांडून जातो, तर कुणाला त्यात आजच्या भ्रूणशास्त्राची चाहूल लागते. दोन्ही वाचने मला अन्यायाची वाटतात. नाद देहात उपजतो, तर आधी देहाची नोंद व्हायला हवी, असा हा हिशेबनिसाला शोभणारा क्रम आहे.

चाहुलीचा दावा तपासायला ‘नाडी’ हा एक शब्द पुरे. शार्ङ्गदेव हृदयात बावीस आडव्या नाड्या सांगतो. वारा लागला की प्रत्येकीचा नाद आधीचीपेक्षा उंच, म्हणून श्रुती बावीस. पुढे कंठात तेवढ्याच, डोक्यातही तेवढ्याच. या डोक्यातल्या रक्तवाहिन्याच नव्हेत का, असे विचारता येईल. पण तीन ठिकाणी नेमका तोच आकडा कुठलीही चिरफाड देणार नाही. तो गवयाच्या कानाने ठरवला आणि मग देहावर मांडला. वैद्यकातल्या शिरा-धमन्यांचा हिशेब त्याने वेगळाच ठेवला आहे.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची खरी गोष्ट आकड्याने सुरूच होत नाही. मेंदू ज्या नळीपासून घडतो तिच्यात आधी एकही रक्तवाहिनी नसते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाहेरून तिला जाळे वेढते आणि त्यातून फुटलेले कोंब आतल्या पोकळीकडे शिरतात. प्राणवायूला आसुसलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात, कोंबाच्या टोकाची पेशी त्याच्या मागावर सरकते, निरुपयोगी फांद्या पुढे झडतात. आणि हे पाहुणे घराची रीतही उचलतात. स्टुअर्ट आणि वायली यांनी १९८१ मध्ये लाव्याच्या गर्भातला मेंदूचा तुकडा कोंबडीच्या गर्भाच्या पोटात रोवला, तर त्यात शिरलेल्या कोंबडीच्या वाहिन्यांनी रक्तातून काय आत सोडायचे याची मेंदूतल्यासारखी कडक राखण सुरू केली.

यातले काही शार्ङ्गदेवाला ठाऊक नव्हते, म्हणून तो कमी ठरत नाही. शरीराचा विस्तार हवा असेल त्याने आपला ‘अध्यात्मविवेक’ पाहावा, असे तो स्वतःच सांगतो. इथे त्याला मंद्र, मध्य आणि तार यांना छाती, गळा आणि डोके अशा जागा नेमून द्यायच्या होत्या.