टीव्हीची पेटी बदलताना



आमच्या घरातली टीव्हीची पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, गेल्या महिन्यात बंद पडली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ती उघडलीसुद्धा नाही. "काकू, नवीनच घ्या," म्हणाला आणि उभ्याउभ्या तीन प्रकार सांगून मोकळा झाला. एक साधी पेटी, एक रेकॉर्डिंगची, आणि एक इंटरनेटवर चालणारी, जिच्यात गेल्या आठवड्यातले कार्यक्रम मागे जाऊन बघता येतात. "रेकॉर्डिंगची आता कुणी घेत नाही," हेही वर सांगितलं. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "बदलली की आतलं सगळं जाणार ना परत?"

त्या 'परत' शब्दामुळे हा लेख लिहायला घेतला. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या घरांत काळ मोजायची एक पद्धत आहे. अमकीचं लग्न कधी झालं, तर श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्या आदल्या वर्षी. दर बारा वर्षांनी येणारा हा सोहळा लक्षात राहतोच. टीव्हीचा इतिहासही मला त्याच मापाने आठवतो.

१९८१ च्या फेब्रुवारीतला अभिषेक मूर्तीच्या सहस्राब्दीचा. मी तेव्हा अकरा वर्षांची, माहेरी बार्शीला. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. घरात टीव्ही नव्हता, गल्लीतही नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला होता आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला, पण मुंबईची लहर सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यापर्यंत पोचायची, बार्शीला कुठली यायला!

गंमत म्हणजे आमच्या आईच्या मावशीने टीव्ही आमच्या कितीतरी आधी पाहिला होता, तोही आळंद तालुक्यातल्या एका खेड्यात. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची यंत्रणा, आकाशवाणीचे कार्यक्रम, आणि सहा राज्यांतली साधारण २,४०० खेडी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे तुळजापूरहून दक्षिणेला सीमा ओलांडली की पलीकडच्या खेड्यांत टीव्ही, आणि अलीकडे आपण कोरडे. मावशीआजी सांगायची, शाळेच्या ओट्यावर संच ठेवायचे आणि अख्खं गाव समोर बसायचं. शेतीचं सांगत होते, पण तेवढ्यात म्हशीची धार काढायची वेळ व्हायची आणि बायका उठून जायच्या. परत आल्या की ते संपलेलं असायचं.

मला वाटतं, टीव्हीशी बायकांचं भांडण तिथूनच सुरू झालं. भांडण वेळेचं. कार्यक्रमाची वेळ ठरवणारा कुणीतरी लांब बसलेला, आणि त्याला आपल्या चुलीची खबर नाही.

१९८४ मध्ये सरकारने देशभर छोटे प्रक्षेपक उभारायचा धडाका लावला, काही महिने तर सरासरी दिवसाला एक. मग छपरांवर अँटेना दिसू लागल्या. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीत दोन टीव्ही होते. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे तुम्हीही पाहिलं असेल. मंदिरातला रविवारचा अभिषेक कधी नव्हे तो वेळेच्या आधी उरकायला लागला. माझे आजोबा त्यावर फार चिडायचे. "भगवंतांनी आता टीव्हीचं वेळापत्रक बघायचं का?" असं म्हणायचे आणि मग स्वतःच पुढे जाऊन पुढची जागा धरायचे.

वेळ आपल्या हातात घ्यायचं यंत्र जगात तोवर येऊन दहाहून जास्त वर्षं झाली होती. सोनीचा बेटामॅक्स १९७५ चा, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ चा. सोनीचे अकिओ मोरिता या सोयीला 'टाइम शिफ्ट' म्हणत, म्हणजे कार्यक्रम त्याच्या वेळेवरून उचलून आपल्या वेळेवर ठेवणे. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी कोर्टात धाव घेतली, की घरी बसून असं उतरवून घेणं म्हणजे चोरी. जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की घरच्या माणसांनी नंतर बघण्यासाठी उतरवून ठेवणं गैर नाही. फ्रेड रॉजर्स या मुलांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराची साक्ष त्यात कामी आली. त्याचं म्हणणं, आई-वडिलांनी सवडीने मुलांबरोबर बसून माझा कार्यक्रम पाहिला तर मला आनंदच आहे. एका मताने निसटलेला तो निकाल उलटा लागता तर पुढचं पुष्कळ काही अडलं असतं.

आपल्याकडे मात्र व्हीसीआर आला तो वेगळ्याच वाटेने. रेकॉर्डिंग करायला कुणी घेतला नाही, भाड्याने आणून एका रात्रीत तीन सिनेमे बघायला आणला. कॅसेट विकत घेऊन जपायची ती फक्त लग्नाची, नाहीतर पंचकल्याणकाची. माझ्या लग्नाची आहे अजून. कपाटात ठेवलेली, बुरशी धरलेली. बुरशी धरलेल्या लोणच्याचं काय करायचं ते आपल्याला माहीत असतं, कॅसेटचं माहीत नव्हतं.

१९९३ चा महामस्तकाभिषेक मी सासरी, तुळजापूरला, बातम्यांत काही क्षण पाहिला. केबल तेव्हा नुकती येत होती. 'झी' सुरू होऊन वर्षच झालं होतं. २००६ चा बराचसा केबलवर पाहिला, पण तुकड्यातुकड्यांनी. मराठवाड्यातलं ते भारनियमन आठवतं ना? पंचामृताचा अभिषेक ऐन रंगात आला आणि वीज गेली. आली तेव्हा दुसरंच काही चालू होतं. सासूबाई दोन दिवस हळहळत होत्या.

आणि मग रेकॉर्डिंगची पेटी आली. परदेशात ती १९९९ पासून होती, टिव्हो नावाची. आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये 'प्लस' आणली, मग इतर कंपन्यांनीही आपापल्या काढल्या. आमच्याकडे २०१२ च्या दिवाळीनंतर एक आली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या पेटीत होऊ शकलं असतं.

आत एक हार्डडिस्क, संगणकात असते तशी. छत्रीपासून घरात दोन वायरी येतात, त्यामुळे एक कार्यक्रम बघता बघता दुसरा उतरवता येतो. सासूबाईंना त्यातलं एकच बटण आवडलं, थांबवायचं. सामायिकाला बसायची वेळ झाली की त्या प्रवचन थांबवायच्या आणि उठल्यावर तिथूनच पुढे ऐकायच्या. सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढायची म्हणून संध्याकाळची मालिका आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं पाहिलीच नव्हती. ती रात्री आवरल्यावर पाहू लागलो. जाहिराती पुढे ढकलल्या की अर्ध्या तासाचा भाग वीस-बावीस मिनिटांत संपतो, हा शोध त्यांचाच. स्वयंपाकघराला पहिल्यांदाच टीव्हीच्या मागे धावावं लागलं नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत मामंजी श्रवणबेळगोळला गेले. वय चौऱ्याहत्तर. मचाणावर चढून कलश करायचा, ही त्यांची १९८१ पासूनची इच्छा. आम्ही घरी थेट प्रक्षेपण लावून बसलो आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. एवढ्या गर्दीत काय दिसणार, असं मीच म्हणाले होते. पण दिसले! सात-आठ सेकंद. कॅमेरा सरकत गेला आणि कडेला मामंजी, हातात कलश, चष्मा घसरलेला. सासूबाईंनी ते त्या आठवड्यात किमान पन्नास वेळा मागे-पुढे केलं असेल. येईल त्या पाहुण्याला चहाआधी ते दाखवायचं.

२०२१ मध्ये मामंजी गेले. त्यानंतर सासूबाई ते रेकॉर्डिंग फार लावत नसत. वर्षातून एक-दोनदा, दुपारी, घरात कुणी नसताना. पुढच्या वर्षी पेटी गरम होऊन बंद पडली. कंपनीचा माणूस आला, अर्ध्या तासात दुसरी पेटी बसवली, जुनी पिशवीत घालून घेऊन गेला. आम्हाला वाटलं, रेकॉर्डिंग 'खात्यात' असेल, मोबाईलमधल्या फोटोंसारखं. नव्हतं. ते त्या डिस्कवर होतं, आणि तिथेही कुलूप लावून ठेवलेलं. हे कुलूप त्या एका पेटीच्या आणि कार्डाच्या किल्लीनेच उघडतं. डिस्क काढून संगणकाला जोडली असती तरी काही दिसलं नसतं. वाहिन्यांचा माल बाहेर जाऊ नये म्हणून कंपन्या असं करतात. नियम कळतो. पण त्या मालात आमचे सात-आठ सेकंद होते.

पेटी बसवणारा मुलगा म्हणाला, "काकू, सगळं यूट्यूबवर असतं." शोधलं. २०१८ चे तासन् तास आहेत. मी आणि माझ्या मुलीने दोन रात्री बसून पाहिलं. मामंजी नाहीत.

हे सगळं आठवताना मला आपल्याच जिल्ह्यातलं एक जुनं रेकॉर्डिंग आठवतं. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. त्याआधी ८ सप्टेंबरला, सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित केला गेला. बावीस मिनिटं. भारतात टीव्ही यायला अजून चार वर्षं होती. त्या टेपच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, कॅसेटवर, सीडीवर, आता फोनवर. सासूबाईंनी तो आवाज पहिल्यांदा कॅसेटवर ऐकला, मी सीडीवर, मुलीने व्हॉट्सअॅपवर. त्या टेपला कुलूप नव्हतं, म्हणून ती सत्तर वर्षं चालत आली.

तर निवड. चार दिवस माहिती काढली, ती तुमच्या कामाची असेल म्हणून देते.

मागे जाऊन बघायची जी सोय आहे, कॅच-अप म्हणतात ती, तिच्यात आपल्या घरी काहीच साठत नाही. कार्यक्रम कंपनीकडे किंवा वाहिनीकडे असतो, आपण इंटरनेटवरून मागवायचा. मुदत बहुतेक ठिकाणी सात दिवस. थंडीतल्या पिठाची मर्यादा तेवढीच, असं मी म्हटल्यावर सासूबाई हसल्या. मागणीनुसार बघायच्या सिनेमा-मालिका जास्त दिवस राहतात, पण हक्क संपले की एक दिवस गुपचूप नाहीशा होतात. शिवाय ज्या धार्मिक वाहिन्या आपण बघतो, त्यातल्या सगळ्या कॅच-अपमध्ये असतीलच असं नाही. घेण्याआधी दुकानदाराला तेच चालू करून दाखवायला सांगा. क्रिकेट आणि सिनेमा तो दाखवेलच.

इंटरनेटचा हिशोबही करा. चांगल्या चित्राचा बावीस मिनिटांचा भाग साधारण पाऊण जीबी खातो. रोजच्या दीड जीबीच्या मोबाईल पॅकवर दोन भाग झाले की संपलं. घरात फायबर असेल तरच ही पेटी घ्यावी. रेकॉर्डिंगच्या पेटीला इंटरनेट लागत नाही, पण वीज लागते. रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली की भाग अर्धाच राहतो, म्हणून ती इन्व्हर्टरवर हवी. आणि जोराचा पाऊस आला की छत्रीवरचा टीव्ही आंधळा होतो, तेव्हा पेटी कितीही महागाची असली तरी काळा पडदाच उतरवून ठेवणार.

आम्ही इंटरनेटवालीच घेतली. केबलवाल्याने फायबर आणून दिलं, आणि सासूबाईंचं थांबवायचं बटण तिच्यातही आहे, निदान प्रवचनाच्या वाहिनीवर तरी चाललं. रेकॉर्डिंगची घ्यावी असं मला मनातून वाटत होतं. पण सासूबाईच म्हणाल्या, "ज्याची किल्ली आपल्याकडे नाही, त्या कपाटात आता काही ठेवायचं नाही." मुलीने मग एक पेन ड्राइव्ह आणला आहे. त्यात घरच्यांच्याच चित्रफिती, फोनवरच्या. तिने पहिली भरली ती सासूबाईंचीच, पीठ मळताना. त्यांना माहीत नाही अजून.

पुढचा महामस्तकाभिषेक २०३० चा. सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या असतील. मी जायला हवं, असं त्या आत्तापासून म्हणतात, आणि मचाणावर कडेला उभी राहा, म्हणतात.