पंचवीस पौंडांचे नाक : कॅव्हेलियर स्पॅनियलचा इतिहास

१/ १९२६ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात एक अजब बक्षीस जाहीर झाले. जुन्या धाटणीचा, लांब नाकाचा छोटा स्पॅनियल दाखवणाऱ्यास २५ पौंड! बक्षीस देणारे होते रॉसवेल एल्ड्रिज हे अमेरिकी गृहस्थ.

२/ असे कुत्रे तोवर जुन्या चित्रांतच उरले होते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात त्यांचा मुक्त वावर असे. पोर्तुगीज राजकन्येशी विवाह करताना ज्याला मुंबई आंदण मिळाली, तोच हा राजा. तो राजसभेतही कुत्र्याशीच खेळत बसतो, अशी नोंद सॅम्युएल पीप्सने १६६७ साली रोजनिशीत केली आहे.

३/ एकोणिसाव्या शतकात आवड पालटली. चपटा चेहरा आणि घुमटाकार कपाळ यांना मान मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या तशीच निवड होत गेली आणि लांब नाक जवळजवळ लोपले.

४/ एल्ड्रिज यांच्या बक्षिसाने चक्र उलटे फिरवले. १९२८ साली कॅव्हेलियर क्लब स्थापन झाला. ‘ॲन्स सन’ हा कुत्रा आदर्श नमुना ठरला. एल्ड्रिज मात्र त्याच वर्षी निवर्तले. १९४५ साली ब्रिटिश केनेल क्लबने या जातीला स्वतंत्र मान्यता दिली.

५/ नाक परत आले. पण मोजक्या कुत्र्यांपासून वाढवलेल्या या वंशात दुखणीही घट्ट रुजली. हृदयाची झडप निकामी होणे आणि मेंदूला कवटी अपुरी पडून मज्जारज्जूत पोकळ्या होणे, ही त्यांतली दोन मोठी. २०२३ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याचा भंग ठरवली.

६/ म्हणूनच स्पॅनियल घरी आणू पाहणाऱ्या कुटुंबाने रंगरूपाआधी वंशाची चौकशी करावी. झडपेचा विकार वयाबरोबर प्रकटतो. त्यामुळे पिल्लू धडधाकट दिसणे पुरेसे नाही. त्याच्या आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या हृदयतपासणीचे कागद मागावेत. ते दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर माघारी फिरावे.

७/ पुढची निगा साधी, पण नित्याची : लोंबत्या कानांची स्वच्छता, रेशमी केसांचे विंचरणे, वजनावर लक्ष, वर्षातून एकदा तरी हृदयाची तपासणी आणि भरपूर सहवास. राजाच्या मांडीवर वाढलेल्या या जातीला एकटेपणा सोसत नाही.

८/ या कुत्र्याचे नाक तीन शतके माणसाने आपल्या आवडीप्रमाणे कधी आखूड केले, कधी लांब. त्याच्या हृदयाकडे लक्ष जायला मात्र फार उशीर झाला.